रानात नेण्याची बंदूक

रानात जाताना बरोबर कोणती बंदूक घ्यावी, हा प्रश्न हिंदुस्थानात बंदूक आली तेव्हापासूनचा आहे. अंगावर येणारी जनावरे, कमरेएवढे गवत, पावसाळ्यातला ओलावा, वैशाखातले ऊन आणि दिवसभराची पायपीट, एवढ्या सगळ्याचा विचार करून ती निवडावी लागे. नेमबाजीच्या मैदानावर नावाजलेली बंदूक रानात उपयोगी पडेलच असे नसे. मैदानावर लक्ष्य उघड्यावर असते, जागचे हलत नाही आणि उलटून झेपही घेत नाही. रानातल्या बहुतेक गोळ्या साठ-सत्तर पावलांच्या आत झाडल्या जात, आणि माणूस जगणार की मरणार हे शेवटच्या पंधरा-वीस पावलांत ठरे. इथल्या बंदुकीच्या निवडीचा इतिहास मुख्यतः या पंधरा-वीस पावलांचा आहे. पुढे त्यात सरकारी परवाना आला आणि हळूहळू त्यानेच निवड आपल्या हाती घेतली.

सोळाव्या शतकाच्या आरंभी बंदूक या देशात दोन वाटांनी रुजली. उत्तरेत १५२६ च्या पानिपतच्या लढाईत बाबराने तिचा धाक बसवला. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज ती घेऊन उतरले होते, आणि १५१० मध्ये गोवा त्यांच्या हाती गेल्यावर तिथल्या शस्त्रशाळेत देशी कारागीरही बंदुका घडवू लागले. ही तोड्याची बंदूक. तोडा, म्हणजेच जामगी, ही सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी असे. तिचे टोक पेटवले की ते मंद धुमसत राही. चाप ओढला की धुमसते टोक प्याल्यातल्या रंजकेवर, म्हणजे पेटवणीच्या दारूवर, टेके, रंजक भडके, तो भडका नळीच्या कानातून आत शिरे आणि ठासलेली दारू पेट घेई.

रानाच्या दृष्टीने या बंदुकीचे दोष उघड होते. जळत्या तोड्याचा वास वाऱ्याबरोबर जनावरापर्यंत पोचे. रात्री त्याचा ठिपका अंधारात दिसे. पावसाची एक सर आली की तोडा विझे आणि रंजक भिजे. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावोगावचे शिकारी हीच बंदूक वापरत राहिले. त्यामागे अडाणीपणा नव्हता, हिशोब होता. तिच्यात मोडण्यासारखे फारसे काही नव्हते, आणि जे मोडे ते गावचा लोहार दुरुस्त करी. दारू स्थानिक सोऱ्यापासून बनत असे आणि गोळीला कुठलाही शिशाचा तुकडा चाले. पाणवठ्याजवळ खड्डा खणून, डहाळ्यांच्या आड बसून, जनावर अगदी टप्प्यात आल्यावर एकच बार काढायचा, ही त्या बंदुकीची रीत होती. दुसरा बार मिळणारच नसल्याने पहिला वाया घालवायचा नाही, ही शिस्त तिने शिकाऱ्याच्या अंगी बाणवली. पुढच्या काळातल्या उत्तम रायफली हातात असणाऱ्या अनेकांना ती जमली नाही.

शिकारीची बंदूक आणि लढाईची बंदूक यांत तेव्हा फरक नव्हता. अकबराच्या आवडत्या बंदुकीचे नाव संग्राम होते. तिने त्याने असंख्य जनावरे मारली आणि १५६८ मध्ये चितोडच्या वेढ्यात जयमल राठोडवर झाडलेली गोळीही तिचीच, असे अकबराच्या दरबारातल्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. मराठी मुलखात नेमाचे नाव होते ते कोकणातल्या हेटकऱ्यांचे. घाटमाथ्यावरचा मावळा तलवारीचा आणि तळकोकणातला हेटकरी बंदुकीचा, अशी शिवाजी महाराजांच्या पायदळाची ओळख ग्रँट डफने आपल्या इतिहासात करून दिली आहे.

तोड्यानंतरची चकमकीची बंदूक गारगोटीच्या ठिणगीवर चाले. कंपनीच्या फौजांबरोबर ती इथल्या रानात शिरली. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीला निघाला असताना त्याला वाघूर नदीच्या वळणावरची अजिंठ्याची लेणी दिसली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने कोरलेले नाव अजून आहे. त्याच्या पिढीच्या हातात हीच चकमकीची बंदूक होती. काही वर्षांतच शेजारच्या खानदेशात जेम्स आउट्रम भिल्ल पलटण उभी करायला आला. १८२५ नंतरच्या दहा वर्षांत त्याच्या समोर सुमारे दोनशे वाघ मारले गेले. माग काढणारे भिल्ल होते. जखमी वाघामागे झुडपात पायी शिरायला ते तयार होत आणि आउट्रमही शिरे. एवढ्या संहाराचा आज अभिमान वाटणे शक्य नाही. पण एका बाराच्या बंदुकीवर विसंबून झुडपात शिरणाऱ्या त्या नाव नसलेल्या माणसांचे धाडस मात्र मान्य करावे लागते.

चकमकीच्या बंदुकीत चाप ओढणे आणि गोळी सुटणे यांत क्षणभराचे अंतर पडे. ॲलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याला बदकांच्या शिकारीत ते जाणवले. प्याल्यातला भडका पाहून पाखरे गोळी पोचण्याआधीच बुडी मारत. त्याने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेतले आणि त्यातून पुढे तांब्याची टोपी, म्हणजे केप, निघाली. केपाच्या बंदुकीला पावसाचे भय बरेच कमी झाले. भरणे मात्र तोंडाकडूनच राहिले. मराठीत अशा बंदुकीला ठासणीची बंदूक म्हणतात. आधी शिंगातली दारू मापाने नळीत ओतायची, तिच्यावर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग गोळी, मग पुन्हा बोळा, आणि शेवटी मागे केप बसवायची. सरावाचा हातही यात अर्धा मिनिट घेई. जखमी जनावर पन्नास पावले दोन-तीन सेकंदांत तोडते. म्हणून ज्यांना परवडे ते दुनळी बंदूक घेत, आणि त्याहून ऐपत असलेले दुसरी भरलेली बंदूक घेऊन मागे चालायला माणूस ठेवत. या माणसावर सगळे अवलंबून असे. तो पळाला तर ती दुसरी बंदूकही त्याच्याबरोबर जाई. शिकारीच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत बंदुकांची नावे बारकाईने दिलेली असतात आणि या माणसांची क्वचितच, हे त्या साहित्यातले मोठे वैगुण्य आहे.

या काळातल्या बंदुकांचे आकार समजून घ्यायचे तर बोरचा हिशोब समजला पाहिजे. नळीच्या भोकात नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या गोल गोळ्या एका पौंडात जितक्या भरतील, तितक्या बोरची ती बंदूक. बारा गोळ्या भरल्या तर बारा बोर. म्हणजे आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. बारा बोरची नळी साडेअठरा मिलिमीटरची असते आणि तिची गोळी सुमारे ३८ ग्रॅमची. आठ बोरची गोळी ५७ ग्रॅम आणि चार बोरची ११३ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दहा तोळे शिसे एका बाराला. काळ्या दारूने गोळीला फार वेग देता येत नसे. मोठे जनावर थांबवायचे तर गोळीचे वजन वाढवणे हाच उपाय उरे. त्यामुळे बंदूक जड होई आणि ती खांद्यावर वाहण्याचा प्रश्न येई. सॅम्युएल बेकर या शिकाऱ्याने सिलोनच्या हत्तींसाठी १८४० मध्ये ब्रिस्टलच्या गिब्जकडून करून घेतलेली रायफल २१ पौंडांची, म्हणजे साडेनऊ किलोंची होती. ती दिवसभर वाहणे आणि वेळ आली की झटकन खांद्याला लावणे बेकरसारख्या धिप्पाड माणसालाच जमे.

सातपुड्यात वेगळाच विचार चालला होता. मध्य प्रांतांत जंगलखात्याची घडी बसवताना पचमढीच्या पठारावर बायसन लॉज बांधणारा कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा त्या पाद्र्याचा केवळ आडनावबंधू. त्याचे मध्य भारताच्या डोंगराळ मुलखाविषयीचे पुस्तक त्याच्या मृत्यूच्या वर्षी, १८७१ मध्ये निघाले. त्याआधी त्याने शिकारी रायफलीवरच एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. रायफलीच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात, त्यांनी गोळीला फिरकी मिळते आणि गोळी सरळ जाते. लष्करी रायफलीत हा पेच घट्ट असे. तिच्यात दारू जास्त घातली की मऊ शिशाची गोळी खाचांची पकड सोडून निसटे. फोर्सिथने पेच अगदी सैल ठेवला, नळी मोठी घेतली, गोल गोळी घेतली आणि दारू भरपूर घातली. अशी रायफल तीनशे पावलांवर कुचकामी ठरे, पण शंभर पावलांच्या आत तिची गोळी जवळजवळ सरळ रेषेत जाई. अंतराचा अंदाज चुकला तरी नेम चुकत नसे. सागवानाच्या आणि बांबूच्या रानात शंभर पावलांपलीकडचे मुळात दिसतेच किती, हा त्याचा प्रश्न बिनतोड होता. कारखानदारांनी दूरच्या माऱ्याची बढाई मारावी आणि गिऱ्हाइकाने तिला भुलावे, हे तेव्हाही होत होते. फोर्सिथने आपल्या पायांखालच्या जमिनीवरून रायफल ठरवली. त्याचे मोठेपण त्यात आहे.

जमिनीप्रमाणे आणि शिकारीच्या पद्धतीप्रमाणे बंदूक बदले. तराईच्या उंच गवतात हत्तीवरच्या हौद्यातून शिकार होई. तिथे वजनाची चिंता नसे, कारण हौद्यात तीन-चार बंदुका भरून ठेवता येत. पण वाघ हत्तीच्या मस्तकावर चढला की लांब नळी फिरवायला जागा उरत नसे. त्यासाठी हौद्याचे पिस्तूल हा वेगळाच प्रकार निघाला: आखूड, दुनळी, मोठ्या बोरचे आणि हातभर अंतरावरून झाडायचे. विदर्भ-खानदेशाकडे हत्ती कमी, म्हणून मचाण आणि हाका, म्हणजे रान उठवून जनावर पुढे हाकणे, यांवर भर. मचाणावर बसलेल्याला बंदूक वाहायची नसते, तिथे आवाज न होता घोडा चढवता येणे महत्त्वाचे. रानगव्याची शिकार मात्र पायीच होई, मेळघाटातही आणि सह्याद्रीतही. टनाच्या आसपास वजनाच्या या जनावराला थोपवणारी बंदूक दिवसभर डोंगर चढत वाहावी लागे, आणि म्हणून तिची निवड सगळ्यांत कठीण. उघड्या माळावर बंदुकीची गरजच नसे. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या काळात काळवीट चित्त्याकडून धरवले जाई आणि डुकरामागे घोड्यावरून भाला घेऊन धाव घेतली जाई.

मागून भरायची बंदूक आली आणि गज, शिंग, बोळे सगळे एकदम जुने झाले. फ्रान्समध्ये १८३५ च्या सुमारास सुरू झालेले काडतूस १८६० नंतरच्या दशकात बुडाच्या मध्यावर केप असलेल्या आजच्या रूपात आले. आता दुनळी मोडायची, दोन काडतुसे सारायची, मिटायची, की झाले. त्याच सुमारास एक्सप्रेस रायफली निघाल्या. आगगाडीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रायफलीत हलकी गोळी आणि पुष्कळ दारू असे. हरणाला आणि बिबट्याला त्या उत्तम होत्या. वाघाच्या बाबतीत मात्र वाद झाला. वेगाने जाणारी पोकळ टोकाची मऊ गोळी खांद्याच्या हाडावरच फुटे, वर मोठी जखम होई, आणि आतले काळीज-फुप्फुस शाबूत राही. म्हैसूर संस्थानात हत्ती पकडण्याच्या खात्यावर असलेल्या जी. पी. सँडरसनने १८७८ साली आपल्या तेरा वर्षांच्या अनुभवांचे पुस्तक लिहिले. मोठ्या जनावरांसाठी तो चार आणि आठ बोरच्या जड बंदुकांच्या बाजूचा होता.

काळ्या दारूचा आणखी एक दोष फक्त रानातच कळे. बार झाला की पांढऱ्या धुराचा लोट उठे, आणि दमट, वारा नसलेल्या झाडीत तो जागीच लोंबकळत राही. जनावर पडले, पळाले की चालून येते आहे, हे ज्या क्षणी कळायला हवे नेमक्या त्याच क्षणी काही दिसत नसे. अनुभवी शिकारी बार काढताच दोन पावले बाजूला सरत. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली, पाठोपाठ इंग्लंडात कॉर्डाइट आले, आणि हा पडदा उठला. १८९८ मध्ये लंडनच्या जॉन रिग्बीने .४५० नायट्रो एक्सप्रेस काढली. तिची गोळी ३१ ग्रॅमची, चार बोरच्या चौथ्या हिश्शाहून थोडी जास्त. वेग मात्र सेकंदाला साडेसहाशे मीटर. साडेनऊ किलोंच्या तोफवजा बंदुकीचे काम आता पाच किलोंची दुनळी करू लागली.

या नव्या दारूला उन्हाचा त्रास होता. मे महिन्यात उन्हात तापलेल्या काडतुसातले कॉर्डाइट अधिक जोराने जळे, नळीतला दाब वाढे आणि झाडलेले पितळी काडतूस आतच चिकटून बसे. वाघ समोर असताना अडकलेले काडतूस बोटांनी ओढत बसणे म्हणजे काय, याची कल्पना विलायतेतल्या कारागिरांना अनुभवाने करून द्यावी लागली. म्हणून हिंदुस्थानासाठी दारूचे माप कमी करून काडतुसे भरली जाऊ लागली, आणि मोठ्या दुनळ्यांची काडतुसे मुद्दाम लांब आणि कमी दाबाची केली गेली.

त्याच .४५० ला लवकरच सरकारने अडवले. लष्करातून बाद झालेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीही .४५० च्याच, आणि त्या सरहद्दीवर पुष्कळ पसरलेल्या. शिकारीच्या नावाखाली आलेली गोळी बंडखोरांच्या रायफलीत जाईल, या भीतीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या मापाच्या रायफली आणि काडतुसे आणायला बंदी झाली. लंडनच्या आणि बर्मिंगहॅमच्या कारखानदारांनी लगेच .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी शेजारची मापे काढली. यांतली कुठलीही .४५० पेक्षा ठळकपणे सरस नव्हती. रानाच्या गरजेशी काहीही संबंध नसलेल्या कारणाने शिकाऱ्याची निवड ठरल्याचे हे स्वच्छ उदाहरण आहे.

ज्याला एकच बंदूक परवडे, त्याचा प्रश्न वेगळा होता. जिल्ह्यात दौऱ्यावर फिरणाऱ्या अधिकाऱ्याला सकाळी तंबूजवळ तित्तर मिळे आणि संध्याकाळी अस्वल सामोरे येई. तित्तराला छर्रे हवेत, अस्वलाला गोळी. हिंदुस्थानात चाकरी केलेल्या जॉर्ज फॉस्बरी या लष्करी अधिकाऱ्याने १८८५ मध्ये यावर तोड काढली. बारा बोरची नळी गुळगुळीत ठेवून फक्त तोंडाजवळच्या काही इंचांत पेच पाडायचे. मग त्याच नळीतून छर्रेही चालत आणि जड गोळीही शंभर पावलांपर्यंत नेमकी जाई. हॉलंड अँड हॉलंडने ती पॅराडॉक्स या नावाने विकली. रानात फिरणाऱ्या सामान्य माणसाच्या गरजेचा इतका सरळ विचार दुसऱ्या कुठल्या महागड्या बंदुकीत झालेला दिसत नाही.

देशी माणसापुढे मात्र निवडीचा प्रश्न आधी परवान्याचा होता. १८५७ नंतर मुलखामागून मुलूख निःशस्त्र करण्यात आला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरवले, आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. काँग्रेसच्या अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत राहिले ते मानापमानाचा प्रश्न म्हणून. रानाकाठच्या गावांना तो पिकाचा आणि जिवाचाही प्रश्न होता. कुर्ग मात्र या कायद्यातून वगळला गेला आणि तिथल्या कोडवांची ती सूट आजही चालू आहे. बाकी ठिकाणी जुन्या बंदुका गवताच्या गंजीत आणि घराच्या आढ्यात गेल्या. १९०७ मध्ये कुमाऊंतल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीसाठी हाका करायचा ठरला, तेव्हा तहसीलदाराने त्या एका दिवसापुरता बिनपरवाना हत्यारांकडे काणाडोळा करण्याचे आश्वासन दिले. तिला मारायला आलेल्या जिम कॉर्बेटने लिहिले आहे की जवळजवळ तीनशे माणसे जमली, आणि त्यांनी बाहेर काढलेल्या बंदुकांनी एखादे संग्रहालय सजले असते.

त्याच दिवशी कॉर्बेटच्या रायफलीतली काडतुसे संपली, वाघीण जखमी होऊन समोर उभी राहिली, आणि त्याला धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक घ्यावी लागली. वीस फुटांवरून नेम धरताना त्याच्या लक्षात आले की नळ्या आणि त्यांच्या मागचा ठोकळा यांत बोटभर फट आहे. बार मागे उडून स्वतःचाच चेहरा जाण्याची शक्यता होती. त्याने चाप ओढला. गोळी वाघिणीच्या पंजाला लागली. आधीच्या जखमांनी ती मरतच होती. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर जॉन ह्यूएट यांनी त्याला .२७५ रिग्बी रायफल भेट दिली. तिच्या दस्त्यावर तसे लिहिलेला चांदीचा पत्रा आहे.

ही .२७५ म्हणजे मूळची जर्मन ७ मिलिमीटर माउझर. गोळी नऊ ग्रॅमची. सँडरसनच्या पिढीने ती वाघासमोर नेण्याला वेडेपणा म्हटले असते. कॉर्बेटकडे .४५०/४०० ची दुनळीही होती आणि मोठ्या जनावरांना ती अधिक खात्रीची, हे तो जाणून होता. तरी कुमाऊंच्या चढउतारांवर दिवसचे दिवस चालताना बहुतेक वेळा हलकी रिग्बी त्याच्या हातात असे. ११ एप्रिल १९३० रोजी चौगढच्या नरभक्षक वाघिणीच्या मागावर ओढ्यातून उतरताना त्याला रातव्याची दोन अंडी सापडली. वेगळ्या रंगाची वाटली म्हणून त्याने ती डाव्या हातात घेतली. एका खडकाला वळसा घालून त्याने मागे पाहिले तर आठ फुटांवर वाघीण दबा धरून त्याच्याकडेच बघत होती. रायफल उजव्या हातात, छातीवर तिरकी. झटक्यात वळणे म्हणजे मरण. त्याने एका हाताने नळी इतकी सावकाश फिरवली की वाघिणीने हालचाल केली नाही, आणि चाप ओढला. पुढे त्याने स्वतःच हिशोब मांडला आहे: अंड्यांमुळे डावा हात अडकला म्हणून घाईने वळणे टळले, आणि रायफल हलकी होती म्हणून ती एका हातात फिरली. पाच किलोंची दुनळी तशी फिरली नसती. या ठिकाणी रायफलीच्या ताकदीपेक्षा तिचे वजन निर्णायक ठरले. मोठ्या बोरची बाजू घेणाऱ्या सगळ्या पुस्तकी चर्चेला या एका प्रसंगाने उत्तर मिळते, असे म्हणायला हरकत नाही. फक्त नेमाच्या बाबतीत कॉर्बेटचा हात प्रत्येकाला नसतो, एवढे लक्षात ठेवावे लागते.

दक्षिणेत केनेथ अँडरसन या शिकाऱ्याने जन्मभर .४०५ विंचेस्टर वापरली. बोटांनी खालची कडी ओढून भरायची ही अमेरिकन रायफल दुनळीहून खूप स्वस्त होती आणि तिच्यात चार-पाच गोळ्या एका वेळी मावत. सवयीची रायफल बदलायची नाही, हा त्याचा नियम होता. आणखी एका वस्तूने या काळात निवड बदलली, ती म्हणजे विजेची बॅटरी. १९२६ मध्ये रुद्रप्रयागच्या बिबट्यावर कॉर्बेटने रात्री रायफलीला बांधलेल्या बॅटरीच्या उजेडात गोळी झाडली. पण बॅटरीने मचाणावरच्या माणसाला जसा हात दिला तसा पुढे मोटारीतल्यालाही दिला, आणि जीप व प्रखर दिवा यांनी पायी शिकारीची सगळी जुनी शिस्त मोडून काढली.

स्वातंत्र्यानंतर विलायती रायफलींची आयात आटली. लष्करी मापाच्या .३०३ ला सामान्य माणसासाठी मनाई असल्याने इंग्रजी अमलातच .३१५ हे वेगळे माप रूढ झाले होते. इच्छापूरच्या सरकारी कारखान्यात पुढे तीच रायफल बनू लागली आणि देशभर तीच ‘रायफल’ झाली. काझीरंगाच्या वनरक्षकांच्या खांद्यावरही तीच दिसते. १८६९ मध्ये सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून बारा बोरची काडतुसे येत. शेतकऱ्याच्या घरात गेली ती प्रामुख्याने ही बारा बोर, बहुधा एकनळी, नाहीतर ठासणीची.

कोकणात आणि गोव्यात या बंदुकीला खास स्थान आहे. भाताची लोंबी भरली की रानडुकरांचे कळप रात्री शेतात शिरतात, आणि एका रात्रीत खळ्यावर येण्याजोगे पीक आडवे होते. त्यासाठी शेतीसंरक्षणाचा परवाना. माळ्यावर बसून रात्र जागवायची, घमेले वाजवायचे, आणि नाहीच हटले तर हवेत बार काढायचा. कागदी काडतुसांच्या काळात इथल्या हवेची मोठी अडचण होती. पावसाळ्यात कागद ओल धरून फुगे. फुगलेले काडतूस नळीत शिरत नसे, रेटून सारलेच तर उडाल्यावर बाहेर निघत नसे, आणि सुरीच्या टोकाने ते कोरून काढावे लागे. म्हणून पितळी काडतुसे बाळगून ती घरीच पुन्हा भरण्याची रीत पडली. डुकराला एल. जी. म्हणजे जाड छर्ऱ्यांचे काडतूस, सशाला बारीक छर्रे, आणि काडतूस मोजून एकेक. परवान्यावर वर्षाला किती मिळणार याचा आकडा लिहिलेला असे.

पीक राखण्यासाठी दिलेल्या याच बंदुकांनी हरणे आणि भेकरे मोठ्या प्रमाणावर मेली, हेही खरे आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत वन्यजीवांविषयी लिहिणाऱ्यांनी तशी तक्रार वारंवार केली. त्याच काळात परदेशी पाहुण्यांना डॉलर घेऊन वाघ मारून देणाऱ्या कंपन्या चालत होत्या. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. पूर्वी कोल्हापूरच्या राजघराण्याच्या राखीव शिकारीचे रान असलेले राधानगरी त्याआधीच, १९५८ मध्ये, अभयारण्य झाले होते.

या कायद्याने रानात बंदूक नेण्याचा प्रश्न जवळजवळ मिटवला. मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात कोणालाही हत्यार घेऊन शिरता येत नाही. अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरांत राहणाऱ्या परवानाधारकाला आपली बंदूक वनखात्याकडे वेगळी नोंदवावी लागते. मेळघाट-ताडोब्याचा वनरक्षक रोजच्या गस्तीला बहुधा काठी घेऊनच निघतो. वाघ किंवा बिबट्या वस्तीत शिरला तर बोलावणे जाते ते बेशुद्धीच्या बंदुकीला, आणि तिच्यात कसब लागते ते जनावराचे वजन ओळखून औषधाची मात्रा ठरवण्याचे. तिची सुई वीस-तीस मीटरच्या पलीकडे भरवशाची नसते आणि औषध चढायला काही मिनिटे लागतात. म्हणजे सुई मारणाऱ्यालाही त्याच जुन्या वीस पावलांत उभे राहावे लागते.

महाराष्ट्रात पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला आणि रोह्याला मारण्याची परवानगी वनाधिकाऱ्याकडून मिळू शकते. ज्याच्याकडे परवान्याची बंदूक आहे त्यालाच तिचा उपयोग, आणि तशा बंदुका दर पिढीला कमी होत आहेत. वारसाच्या नावावर परवाना करून घ्यायला हेलपाटे पडतात, काडतूस महाग झाले आहे, आणि मुले मुंबईला असतात. निवडणूक लागली की उरलेल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. म्हातारा शेतकरी ती फडक्यात गुंडाळून एसटीने तालुक्याला आणतो, हवालदार नंबर ताडून पाहतो, दस्त्याला चिठ्ठी बांधतो आणि पावती देतो. निवडणूक संपली की ती पावती दाखवून बंदूक परत मिळते.